बहात्तरच्या आधी का नंतर?

आमच्या आज्जीला साल सांगता येत नाही. तिथी येते, वार येतो, कुठल्या आवसेला कोण पाहुणा आला होता आणि त्यानं किती भाकरी खाल्ल्या हे पण येतं, पण साल विचारलं की ठरलेलं उत्तर, "बहात्तरच्या आदी" नायतर "बहात्तरच्या मागनं". १९७२ चा तो दुष्काळ म्हणजे तिच्या आयुष्याच्या रानातला मधला बांध आहे, सगळं एकतर बांधाच्या अलीकडं पडतं नाहीतर पलीकडं.

गाव आमचं माण तालुक्यातलं, म्हणजे सातारा जिल्ह्याची कोरडी बाजू. सातारा म्हटलं की लोकं "वा, कास, महाबळेश्वर" म्हणतात आणि आपण नुसतं हसायचं. एकाच जिल्ह्यात तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं पाचशे झाला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती. मी आता साताऱ्यात राहतो, ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, सुट्टीला गावी जातो.

२०२३ च्या मे महिन्यात गेलो तेव्हा घरात एक वाद पेटलेला. पंच्याहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट, आणि आज्जीचं म्हणणं ती ऐंशीची आहे. पण तिच्या तीन कागदांवर तीन वेगळी सालं, १९४९, १९५३ आणि १९५५, आणि तिन्ही कुणीतरी टेबलामागं बसून अंदाजानं टाकलेली. अण्णांचं, म्हणजे तिच्या लेकाचं, पण तेच, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकला. आमच्या गावात १ जूनला एवढे वाढदिवस असतात की केक कापायचा म्हटला तर तालुक्याची बेकरी पुरायची नाही.

मग मी वही घेऊन बसलो. आज्जी, पानशेत फुटलं तेव्हा तू केवढी होतीस? तर म्हणाली, "तवा मी पयल्यांदा एकटी शेरडं घिऊन माळाला गेलती." पानशेत म्हणजे जुलै १९६१. एकटीला शेरडं कोण देणार, दहा-अकरा वर्षांच्या पोरीला. लग्न? "भुकंपाच्या आदी दोन वरसं." भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. म्हणजे लग्न १९६५ च्या आसपास. तेव्हा केवढी होतीस? "पान्याची मोठी घागर डोक्यावर घेता येत नव्हती, काखंत घ्यायची." चौदा-पंधरा धरू. असं करत करत सगळं वहीवर मांडलं आणि जन्मसाल निघालं १९५०, दोन वर्षं इकडं किंवा तिकडं. म्हणजे त्र्याहत्तर. दोन वर्षं तिकडं धरली तर पंच्याहत्तर, पण ते कंडक्टरला कोण समजावणार.

आज्जी म्हणाली, "आग लाव तुझ्या हिशोबाला."

हे सगळं चाललेलं असताना माझा एक मित्र तिथंच ओट्यावर बसून चहा पीत होता. एमएस्सीचा पार्टनर. मी शिकवायला लागलो, तो तळ्यांच्या गाळाच्या नादाला लागला. तळ्याच्या तळाशी पाईप घालायचा, गाळाचा उभा तुकडा काढायचा, सेंटीमीटर सेंटीमीटरनं कापायचा आणि प्रत्येक चकतीत कुठलं मूलद्रव्य किती ते मोजून त्या काळात पाऊस कसा होता, झाडी होती का, पाणी आटलं होतं का हे काढायचं, असा त्याचा उद्योग. आमच्या गावच्या तलावात बघू काही मिळतंय का म्हणून मीच त्याला आणलेला. तर तो म्हणाला, तू आत्ता जे केलंस ना तेच आम्ही करतो, फक्त आमची आज्जी बोलत नाही.

तेव्हा मला गंमत वाटली, पण नंतर विचार करत गेलो तसं ते खरंच वाटायला लागलं. गाळाला तारीख माहीत नसते, क्रम माहीत असतो. खाली आधीचं, वर नंतरचं. कणगीत जोंधळा भरला की गेल्या सालचा तळाला आणि यंदाचा वर, तसंच. तारीख आपण बाहेरनं चिकटवायची, आणि ती पण मोजक्याच जागी चिकटवता येते. उदाहरणार्थ सीझियम-१३७. हे निसर्गात जवळपास नसतंच, अणुबॉम्बच्या चाचण्यांमधनं हवेत गेलं आणि पावसाबरोबर जगभर पडलं, सगळ्यात जास्त १९६३ च्या सुमारास. गाळात कुठं त्याचा उंचवटा सापडला की तिथं १९६३ लिहायचं. म्हणजे हे त्यांचं पानशेत. दुसरं शिसं-२१०, ते हवेतनं थोडं थोडं पडतच असतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, त्यामुळं शे-सव्वाशे वर्षांपर्यंतचा हिशोब लागतो. त्याच्या मागं जायचं तर कार्बन-१४, त्याचं हाफ लाईफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो, गणितं घालतो, बोर्डाला दोन मार्काला येतं. पण त्याचा माझ्या घराशी काही संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मधल्या चकत्यांचं काय? तर दोन खुणांच्या मध्ये गाळ एका चालीनं साचला असं धरायचं आणि वय वाटून टाकायचं. एक पूर आला आणि एका रात्रीत वीतभर थर बसला असेल तर फसलात. आज्जीचं पण १९६७ ते १९७२ मधलं सगळं असंच वाटून टाकलेलं आहे, त्यात एक मुलगी झाली आणि गेली, तिचं साल विचारायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. तलाव म्हणजे बहात्तरच्या दुष्काळी कामातला पाझर तलाव. ह्या सगळ्या भागात तेव्हा तलाव, नालाबांध, रस्ते असली कामं निघाली, लोकांनी खडी फोडली, माती वाहिली, मिलो म्हणजे बाहेरनं आलेली लाल जवारी खाल्ली, पोरांनी सुकडी खाल्ली. आज्जी पण बरोबर आली, आम्ही नको म्हणत होतो. तिनं ह्याच बांधावर मातीच्या पाट्या टाकल्यात. अण्णा तेव्हा रांगत होते, कामावर लिंबाच्या झाडाला झोळी बांधून त्यात टाकायची. (ह्या हिशोबानं अण्णा कागदापेक्षा दोन वर्षं लहान निघतात, त्यांना तेव्हापासून उगाच तरुण वाटायला लागलंय.)

मित्र खूश झाला. म्हणाला, असा तलाव भाग्यानं मिळतो, तळाचं साल पक्कं. मुरूम लागला की १९७२, त्याच्या वर जे काय आहे ते गेल्या पन्नास वर्षांचं.

मग तलावात उतरलो आणि त्याचा चेहरा पडला.

कारण २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही गाळ काढला होता. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. मशीनच्या डिझेलला सरकारी मदत, वाहतूक शेतकऱ्यानं करायची. आमच्याच रानात चाळीस ट्रॉल्या पडल्यात, मी स्वतः ट्रॅक्टरवर बसून फेसबुकला फोटो टाकलेला आहे, त्याला दीडशे लाईक. खरं बघितलं तर वरच्या अंगाच्या रानांतली माती वाहून तलावात आली आणि आपणच डिझेल जाळून ती परत नेली, पण पीक झकास आलं त्या वर्षी, ते नाकारत नाही. तर मित्राला पाहिजे होता तो क्रम चाळीस ट्रॉल्यांतनं आमच्या कांद्याखाली पसरलेला होता. मी त्याला म्हटलं, चल रान दाखवतो. तो हसला नाही.

तरी एका कडेला जेसीबी पोचला नव्हता, तिथं कमरेएवढी भिंत उभी राहिलेली. तिथं त्यानं खुरप्यानं तोंड साफ केलं आणि बघत बसला. आणि मला म्हणाला, हे पण फारसं कामाचं नाही. का? तर भेगा बघ. काळी माती, उन्हाळ्यात फाकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं त्यात खाली पडतं, पावसाळ्यात फुगून बंद होते. म्हणजे २०१३ ची माती १९८० च्या शेजारी जाऊन बसते. त्यात गाळपेर, पाणी मागं सरलं की लोकं हरभरा-जवारी टाकतात, नांगर चालतो, खत पडतं. कणगीत उंदीर शिरल्यावर कसला क्रम. चांगलं तळं म्हणजे कधी न आटणारं, खोल, तळाला कुणी न ढवळणारं. माणमध्ये कधी न आटणारं तळं शोधायचं म्हणजे... असो.

ह्यात आज्जीनं एक भर घातली. भिंतीकडं बघत ती पटकीच्या आणि प्लेगाच्या गोष्टी सांगायला लागली, "आमी गाव सोडून रानात खोपी घालून राह्यलो, उंदीर पडला की निघायचं." आता प्लेग इकडं आला १८९६ नंतर. आज्जीचा जन्म, माझ्या वहीप्रमाणं, १९५०. ती तिच्या आज्जीची गोष्ट, पण सांगताना ती "आमी" म्हणते. मित्राला हे फार आवडलं. तो म्हणाला, आमच्याकडं ह्याला जुना कार्बन म्हणतात. झऱ्याचं पाणी चुन्याच्या खडकातनं आलं की त्यात लाखो वर्षांचा मेलेला, म्हणजे कार्बन-१४ संपलेला, कार्बन विरघळून येतो, पाण्यातलं शेवाळ तोच वापरून वाढतं, आणि मग कालपरवाचं शेवाळ कार्बन-१४ ला शेकडो वर्षांचं दिसतं. खोटं बोलत नसतं ते. त्यानं खाल्लंच जुनं.

दुपारी लिंबाखाली डबा खाताना त्याला म्हटलं, बरं क्रम लागला असं धर, पण पाऊस कसा कळतो? गाळ काय पर्जन्यमापक आहे का?

तर पहिलं टायटॅनियम. आपला सगळा मुलूख बेसॉल्टचा, काळ्या फत्तराचा, त्यात टायटॅनियम बऱ्यापैकी असतं. ते पाण्यात विरघळत नाही, शेवाळ खात नाही, झाड खात नाही. म्हणजे तलावात आलं तर मातीबरोबर वाहूनच आलं. ज्या थरात टायटॅनियम जास्त त्या काळात वरनं माती जास्त धुऊन आली. उलट कॅल्शियम. पाणी आटत गेलं की चुना तळाला बसतो, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो ना, तेच. म्हणून कॅल्शियम भागिले टायटॅनियम काढायचं, आकडा चढला तर पाणी आटत होतं. लोखंड आणि मॅंगनीजची जोडी तळाशी ऑक्सिजन होता का सांगते, कारण ऑक्सिजन संपला की मॅंगनीज आधी विरघळून निघून जातं, लोखंड जरा तग धरतं. कार्बनला नायट्रोजननं भागलं आणि उत्तर दहाच्या आत आलं तर ते तळ्यातलं शेवाळ, विसाच्या वर गेलं तर काठावरचा पालापाचोळा.

ऐकायला एकदम सोपं. म्हणून मी मास्तरकी केली. वेगवेगळ्या खोलीची माती पुड्या बांधून कॉलेजला आणली आणि प्रॅक्टिकलच्या बाटलीतलं डायल्यूट हायड्रोक्लोरिक टाकून बघितलं, फसफसलं की चुना. तर सगळ्याच पुड्या फसफसल्या! वरची पण, खालची पण, मधली पण. फोन केला तर तो म्हणाला अरे शहाण्या, तुमच्या रानातच चुनखडीचे खडे आहेत, ते वाहून आले, तलावात बसलेला चुना कुठला आणि रानातनं आलेला कुठला हे ॲसिडला काय कळतंय. म्हणजे एका आकड्यावर कधी बसायचं नाही, चार आकडे एका दिशेला बोट दाखवतायत का बघायचं. आज्जीची तीन सालं आठवली.

पण मला सगळ्यात जास्त डोक्यात बसलं ते उसाचं प्रकरण.

वनस्पतींमध्ये हवेतला कार्बन पकडायच्या मुख्य दोन पद्धती, सी-३ आणि सी-४, अकरावीला असतं हे. झाडं, भात, गहू, हरभरा सी-३. जवारी, बाजरी, मका, माळावरचं बरंचसं कुसळी गवत सी-४, उन्हाला चिवट. दोघांच्या कार्बनमध्ये जड कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं असतं, एका ठरलेल्या नमुन्याशी ताडून मोजल्यावर पहिल्यांचा आकडा उणे २७ च्या आसपास आणि दुसऱ्यांचा उणे १३ च्या आसपास येतो. पान कुजून गाळात गेलं तरी हा फरक राहतो. त्यामुळं गाळात आकडा सी-४ कडं सरकला की शास्त्रज्ञ लिहितात, झाडी कमी झाली, गवत वाढलं, हवामान कोरडं झालं. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरातनं काढलेल्या गाळात पानांवरच्या मेणाचा असाच अभ्यास झालाय, आणि साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून मध्य भारत टप्प्याटप्प्यानं कोरडा होत गेल्याचं त्यातनं दिसतं. ते मेण म्हणजे गोदावरीनं वाहून नेलेली आपल्याच पठारावरची पानं.

आता आमच्याकडं काय झालं. कॅनॉलला उरमोडी धरणाचं पाणी आलं, तिकडं सांगलीच्या आटपाडी, खानापूरकडं टेंभू उपसा योजनेचं पाणी चढलं, आणि पाणी आल्यावर माणूस काय लावतो? ऊस. आणि ऊस सी-४! म्हणजे हजार वर्षांनी कुणी आमच्या भागातल्या तळ्यात पाईप घातला तर त्याला दिसेल की एकविसाव्या शतकात आकडा सी-४ कडं गेला, आणि तो बिचारा लिहील, ह्या काळात इथं फार कोरडं पडलं होतं. आणि आम्ही तर त्याच काळात फडात उभ्या सऱ्या भरून पाणी सोडत होतो. मी हे अण्णांना सांगितलं, ते म्हणाले, "मग लिवून ठेव की कुटंतरी." म्हणून हे लिहितोय, समजा.

मित्र म्हणाला तो एवढा खुळा नसेल, उसाचे सूक्ष्म सिलिकाचे कण, परागकण हे पण बघेल. बघू दे.

तसं आटणाऱ्या तळ्यातनं पण कधी कधी काही निघतं, जिल्ह्याच्या ओल्या बाजूला कासला निघालंय. आपण सप्टेंबरात फुलं बघायला गर्दी करतो, गाडी लावायला जागा नसते, त्याच पठारावरच्या एका हंगामी तळ्याच्या गाळाचा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं आणि तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्रानं अभ्यास केला, २०२२ ला त्याच्या बातम्या आल्या होत्या. जांभ्याच्या कवचात झीज होऊन उथळ खळगा तयार झाला, त्यात पाणी, त्यात गाळ. परागकण, डायटम म्हणजे काचेच्या कवचाचं शेवाळ, गाळाचे चुंबकीय गुण, असं सगळं बघून त्यांनी काढलं की साधारण ८,६०० वर्षांपूर्वी भरपूर पावसाकडनं कोरड्याकडं बदल झाला, मग साधारण २,८०० वर्षांपूर्वी पुन्हा नैऋत्य मोसमी पाऊस कमजोर पडला. आणि सगळ्यात वरच्या, गेल्या हजारेक वर्षांच्या थरात घाण सोसणारे डायटम वाढलेले, कारण बहुतेक माणसं आणि गुरं. म्हणजे पर्यटक यायच्या हजार वर्षं आधीपासून तिथं म्हशी डुंबत होत्या, मला हे वाचून का कोण जाणे बरं वाटलं.

आणि लोणार. तिथल्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, खारं आणि सोड्यासारखं पाणी, जास्त आटलं की गेलुसाइट नावाचं खनिज तळाला बसतं. दहा मीटरच्या गाळात ते दोन पट्ट्यांत सापडलं, एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हे दुष्काळ कसले, तर सातशे वर्षांचे आणि चौदाशे वर्षांचे. सलग नसतील, मधे बरी सालं असतीलच, पण एकूण कल कोरडाच. हे मी आज्जीला सांगायचा प्रयत्न केला. चौदाशे वर्षं दुष्काळ म्हटल्यावर तिनं विचारलं, "मग लोकं काय खात हुती?" मला उत्तर आलं नाही. गाळात खाणं सापडतं, खाणारी नाही सापडत. आणि हे पण खरं की आमचा अख्खा बहात्तर, म्हणजे मिलो, खडी, झोळी, चारा नाही म्हणून बाजारात सोडून दिलेली बैलं, असल्या तळ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर, एका चकतीत अशी आणखी पाच-सात वर्षं मिसळलेली, आणि आकडा किंचित हललेला. तो हलला का नाही यावर दोन शास्त्रज्ञ भांडतील.

निघताना मित्रानं तरी पाईप मारलेच, आला होता म्हणून. दोन. पीव्हीसीचे, घणानं ठोकून. आज्जी कडेला बसून घणाचे ठोके मोजत होती. पाईप वर काढल्यावर त्यानं दोन्ही टोकं कापडानं बांधली आणि बाहेरनं मार्करनं बाण काढला, "वर". म्हणाला बाकी काही विसरलं तर चालतं, हे विसरलं की संपलं. खालच्या टोकाला पिवळा मुरूम लागलेला. आज्जीनं त्यावर बोट फिरवलं. "ह्यो आमचा," म्हणाली. मी फोटो काढला नाही, मोबाईल तेव्हा नेमका ट्रॅक्टरात.

एक पाईप तो घेऊन गेला. त्याच्या लॅबला नंबर लागलेला नाही अजून, मशीनवर रांग आहे, मी विचारायचं सोडून दिलंय. दुसरा राखीव म्हणून आमच्या घरी आज्जीच्या बाजल्याखाली ठेवला, आडवा, बाण दिसेल असा.

दिवाळीला गेलो तर बाजल्याखाली पाईप नाही. आईला विचारलं तर ती कामात होती, म्हणाली, "ते व्हय? कसला गाळ रं, वाळून दगड झालता. पाईप चांगला हुता म्हणून मोरीला लावला." माती? "कढीपत्त्याच्या कुंडीत वतली." कढीपत्ता खरंच जोरात आलेला, पानं अशी काळीभोर. मी कुंडीपाशी जाऊन उभा राहिलो. मग परत आलो आणि आईला विचारलं, ओतताना आधी कुठलं टोक ओतलंस?

आई हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. आतनं आज्जी ओरडली, "बहात्तरचं का आत्ताचं, त्ये इचारतोय त्यो."